कडी असलेला टाक

निवृत्त बाई रिकामी बसलेली लोकांना बघवत नाही. "आता काय, मजाच मजा!" असं म्हणतात आणि लगेच एखादं काम गळ्यात मारतात. भूमी अभिलेख कार्यालयात मी एकतीस वर्षं काढली. त्यात दोन्ही गुडघे गेले, मान गेली, डोळे निम्मे गेले. मजा कुठून करणार? धुळ्यात देवपुरात दोन खोल्या आहेत. लग्न केलं नाही. आई होती, तीही गेली. सकाळी उठून एकाच कपाचा चहा ठेवायचा आणि गुडघा ठणकतोय हे सांगायचं तर गॅसच्या शेगडीला सांगायचं, अशी सगळी गंमत.

म्हणून शहरातल्या एका जुन्या संस्थेच्या वस्तुसंग्रहालयात जायला लागले. तिथले अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राध्यापक, माझ्या अक्षरावर खूश. "मॅडम, मानधन काही नाही हं," असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मी म्हटलं, नसू द्या. पंखा आहे ना? पंखा होता. तो फिरायचा, पण वारा त्याच्या स्वतःपुरताच असायचा. मागच्या अंगणात भंगलेल्या मूर्ती, आत तीन दालनं, त्यात तलवारी, नाणी, जुनी जाती, दस्तऐवज आणि सगळ्यांवर महामार्गाची धूळ. सकाळी पुसली की दुपारी परत बसलेली. शाळांच्या सहली यायच्या. शंभर पोरं एकदम आत शिरायची, तलवार खरी आहे का विचारायची आणि पाणी पिऊन निघून जायची. ती गेल्यावर मी खुर्चीत बसून डोळे मिटायची, आणि खरं सांगते, उद्यापासून यायचं नाही असं आठवड्यातून तीनदा तरी ठरवायची.

तरी जायची. माझं काम नोंदवहीचं होतं. आलेली प्रत्येक वस्तू वहीत चढवायची, तिला नंबर द्यायचा, तो नंबर वस्तूवर बारीक अक्षरात लिहायचा, मग कपाटात ठेवून पुढे चिठ्ठी लावायची. वस्तूवर थेट शाई लावायची नसते. आधी पारदर्शक लाखेचा एक हात, त्यावर नंबर, त्यावर पुन्हा एक हात. ती परदेशी लाख आम्हाला कुठून परवडणार? मी पाचकंदिलच्या बाजारातून बिनरंगी नेलपॉलिश आणलं. दुकानदार माझ्या वयाकडे बघून गालात हसला. हस बाबा, म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी अध्यक्षांच्या डोक्यात आलं, गावोगावी जाऊन लोकांच्या घरातल्या जुन्या वस्तू मागायच्या. पारोळ्याला एका शाळेच्या हॉलमध्ये टेबल टाकून आम्ही बसलो. लोकांनी पितळी डबे आणले, अडकित्ते आणले, एकाने चक्क बंद पडलेला टीव्ही आणला. देणाऱ्याला सन्मानपत्र मिळायचं, त्यावर नाव मीच घालायची. दुपारी चारच्या सुमाराला, उठायची वेळ झाली असताना, पन्नाशीचा एक माणूस आला. जवळच्याच खेड्यातला शेतकरी. त्याने रुमालातून चांदीचा एक टाक काढून दिला.

टाक कुणाला माहीत नाही? चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली देवाची मूर्ती, घराघरांत देव्हाऱ्यात असते. हा मात्र फारच झिजलेला. बाईची आकृती, हात जोडल्यासारखे, चेहरा जवळजवळ सपाट. वरच्या बाजूला बारीक कडी. तो म्हणाला, "आमच्या घरातला जुना आहे. आता कोणी वापरत नाही." माझं डोकं उन्हाने चढलं होतं, शेवटची एसटी समोर दिसत होती. फॉर्ममध्ये एक रकाना होता, वस्तूचा पूर्वीचा वापर. मी त्याला विचारलंच नाही. आपल्याच हाताने लिहिलं, 'देवपूजा'. त्याची सही घेतली, सन्मानपत्र दिलं, टाळ्या वाजल्या.

एकतीस वर्षं मी हाताखालच्या पोरांना एकच गोष्ट घोकून घोकून सांगितली होती की मोक्यावर न जाता पंचनामा लिहायचा नाही. टेबलावर बसून लिहिलेल्या एका ओळीने भावाभावांची तोंडं आयुष्यभर फिरलेली मी पाहिली होती. आणि मीच टेबलावर बसून लिहिलं. लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

संग्रहालयात आणून मी तो टाक चिंचेने घासला. मागच्या बाजूला नेलपॉलिशचा हात दिला, लाल शाईने नंबर घातला. वरचा दुसरा हात द्यायचा तेवढ्यात एक सहल आली आणि तो राहूनच गेला. देवतांच्या कपाटात, मधल्या फळीवर, लाल कापडावर टाक ठेवला. चिठ्ठी लिहिली, 'कुलदेवतेचा टाक, चांदी. नित्य पूजेने झिजलेला.' चिठ्ठी सुरेख उतरली होती. रोज सकाळी आल्यावर मी त्या काचेला बोटं लावून नमस्कार करायची. माझं बघून इतरही करायला लागले. कुणी काचेपुढे जास्वंद ठेवायचं, कुणी नाणं.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. ऊन असं की पायरीवर पाय टेकवत नव्हता. एक म्हातारी दारातून आत आली. ऐंशीच्या घरातली, नऊवारी, हातात काठी, चपला तिने बाहेर काढलेल्या. मागे तिचा मुलगा, मान खाली घातलेला. मी त्याला ओळखलं, पारोळ्याला टाक देणारा तोच. म्हातारी कुणाशी न बोलता कपाटांपुढून चालत गेली आणि देवतांच्या कपाटाशी थांबली. काचेला नाक लावून बघत राहिली. मी नेहमीच्या सवयीने म्हणाले, "अक्का, नमस्कार करा, पण काचेला रेलू नका."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीतून उठलेच.

"बाई, हाई देवी नही शे," ती म्हणाली. "हाई मनी सवत शे."

तिने काठीचं टोक काचेवर टेकवलं. "तिले देवमा काब्र बसाडं?"

तिला देवांत का बसवलं, हा प्रश्न मला लगेच कळला, माझीही घरची बोली अहिराणीच. मी तिच्याच बोलीत म्हटलं, अक्का, आधी बसा, पाणी प्या. ती बसली आणि बोलायला लागली. मुलगा दाराशी उभा होता, तो आत आलाच नाही.

तिच्या नवऱ्याची पहिली बायको अठरा वर्षांची असताना पहिल्या बाळंतपणात गेली, पोरही गेलं. वर्षाने हिला करून आणली. लग्नात मंगळसूत्राच्या आधी सासूने हिच्या गळ्यात तो टाक घातला. गेलेलीचा टाक करून दुसरीने गळ्यात घालायचा, अशी त्यांच्याकडची रीत. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घास तिचा. सुरुवातीला ही थरथर कापायची. ताप आला की सासू म्हणायची, सवतीने धरलं. पोर रडलं की सवत. म्हैस आटली तरी सवत.

"मंग एक दिन तो माले मारी राहिंता," अक्का म्हणाली, "आनि मी हाई मुठमा धरी लिनं. म्हटलं, बैन, तुले बी असाच मारे का वं?" ती थोडी हसली. "त्याले वळखनाऱ्या आम्ही दोन्हीच. बाकी गाव तर त्याले देवमानूस म्हने."

त्या दिवसापासून ती टाकाशी बोलायला लागली. शेतात, चुलीपुढे, न्हाणीत. साठ वर्षांवर बोलत होती. तो चेहरा पूजेने झिजला नव्हता हो. एका जिवंत बाईच्या छातीवर घासून घासून झिजला होता. आणि ती कडी! देव्हाऱ्यातल्या टाकाला कडी कशाला असेल? ती मी पाहिली होती, हाताने पुसली होती, आणि तरीही काही विचारलं नव्हतं.

मुलाचंही फार चुकलं असं मला म्हणता येईना. तिला जळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं, मशीनमध्ये घालायचं म्हणून अंगावरचं सगळं काढलं. घरी आल्यावर मानेला काही बांधू नका असं डॉक्टर म्हणाले. टाक कपाटात पडून राहिला. तिने विचारलं की तो सांगायचा, नीट ठेवलाय. मग आम्ही पारोळ्याला टेबल टाकून बसलो. त्याला वाटलं, घरातून चोरीला जाण्यापेक्षा सरकारी ठिकाणी राहील. भिंतीवर सन्मानपत्र लावलं, तेच यंदा सुट्टीत आलेल्या नातीने मोठ्याने वाचलं आणि अक्काला कळलं.

"माले कायमनी नको," ती म्हणाली. "आखाजीले तिनी घागर भरनी पडस. साठ वरीस भरी. दोन आखाज्या चुकन्या. तिले कोन पानी दी? तिले ना पोर, ना माहेर. मी जित्ती शे ना, तधलोंग."

आखाजीला गेलेल्यांची घागर भरतात. वर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सांजोरी ठेवतात, निखाऱ्यावर घास टाकतात. आपलं माणूस वर्षभराचं तहानलेलं येतं, असं मानतात. मी मानते की नाही, हा प्रश्न वेगळा. त्या बाईच्या सवतीने दोन वर्षं पाणी प्यायलं नव्हतं आणि ते माझ्या एका शब्दामुळे, हे मात्र मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या लख्ख कळलं.

अध्यक्षांना फोन केला. ते वाईट माणूस नाहीत, फक्त नियमाचे आहेत. "दान दिलेली वस्तू परत जात नाही, मॅडम. उद्या सगळेच येतील. तुम्ही तर रेकॉर्डमधल्या, तुम्हाला मी काय सांगायचं?" मी फोनवर तासभर वाद घातला. शेवटी ते म्हणाले, "एक दिवस. आखाजीच्या सकाळी तुम्ही स्वतः घेऊन जायचं, संध्याकाळी स्वतः परत आणायचं. तुमच्या सहीवर." अक्काला सांगितलं तर तिने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलांवर मोडली.

आखाजीला सकाळी सहाची पारोळ्याची एसटी धरली. टाक स्टीलच्या जेवणाच्या डब्यात, कापसात. डबा मांडीवर. शेजारची बाई म्हणाली, "माहेरी चालल्या का?" मी म्हटलं, हो. दुसरं काय सांगणार? पारोळ्याहून रिक्षा, मग पाऊण कोस पायी. गुडघ्यांनी वाटेतच मला शिव्या घालायला सुरुवात केली होती.

घरात लेकीबाळी आलेल्या, दारातल्या लिंबाला झोका, पुरणाचा वास. अक्का नवं लुगडं हातात घेऊन बसली होती, नेसलेली नव्हती. मी डबा उघडला. तिने टाक उचलला, आधी लुगड्याला लावला, मग डोळ्यांना, मग काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधला आणि पदराखाली सारला. "लई दिन लावात वं," एवढंच म्हणाली. ते मला नव्हतं.

मुलाने निखाऱ्यावर घास टाकले. आजोबा, पणजोबा, बाप, सगळ्यांची नावं घेतली. शेवटी अक्का स्वतः पुढे सरकली आणि तिने लहान घागर भरली. नाव घेतलं नाही. हात छातीवर ठेवून म्हणाली, "पी, माय." सवतीला माय! मी तोंडाकडे बघत राहिले, तर ती म्हणाली, "अठरा वरीसनी गई ती. आते मनी नात बी तिनापेक्षा मोठी शे. आते ती मनी अंडेरच झायी ना?" अंडेर म्हणजे लेक, आणि लेकीला आमच्याकडे लाडाने माय म्हणतात. मुलीच्या वयाची सवत. मला रडू आलं. भर पंगतीत, परक्या घरात, मी पदराने डोळे पुसत बसले आणि कुणी मला काही विचारलं नाही.

दुपारी आम्ही ओसरीवर आडव्या झालो. गुडघ्याला तिने एरंडेल चोळून दिलं. मग चौकशी सुरू.

"तुले किती पगार शे तठे?"

"काही नाही अक्का. फुकट."

"ओ माय! मंग कसाले मरस तठे?" ती उठूनच बसली. "घर कोन शे?"

"कोणी नाही."

"कोनीच नही? मंग बोलस कोनासंगे?"

"शेगडीशी," मी म्हटलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग हसायची थांबली आणि माझ्या गुडघ्यावरून नुसता हात फिरवत राहिली.

साडेचारला मी उठले. पारोळ्याहून गाडी चुकली की पंचाईत होती. मला म्हणवत नव्हतं, तर तीच म्हणाली, "चाल, तुनी सही शे." पदराखाली हात घालून तिने दोरा सोडला. दिवसभराचा घाम, चुलीची धग. टाकाच्या मागचा माझा नंबर विरघळून गेला होता. तिच्या सुरकुतलेल्या छातीवर लाल शाईत आकडे उमटले होते, उलटे. ती खाली बघून म्हणाली, "हाई काय व्हयनं?" आणि ओल्या पदराने पुसून टाकले. पुसताना एकदाही तिच्या कपाळावर आठी आली नाही. मीच ओशाळले. साठ वर्षांच्या जागेवर मी नंबर घातला होता.

तिने टाक माझ्यापुढे धरला. "घे, बाई. तुना नंबर पुसाई गया. लिखी ले."

पर्समध्ये लाल शाईचं पेन होतं. नेलपॉलिशची बाटलीही होती, मी ती सगळीकडे घेऊन फिरायचे. मी पर्स उघडली. पेन हाताला लागलं. लाज वाटावी इतका वेळ मी ते धरून बसले. सहीची बाई मी. माझ्या सहीवर कुणी कधी शंका घेतलेली नाही. मग मी पर्स मिटली.

"अक्का, ज्या वस्तूला नंबर नाही, तिला आमच्या वहीत जागा नाही. मी कुठली वस्तू परत नेऊ?"

ती माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघत राहिली. "खोटं बोलस."

"बोलते."

रिकामा डबा घेऊन मी परत निघाले. मुलगा मोटारसायकलवर पारोळ्यापर्यंत सोडायला आला. स्टँडवर उतरल्यावर माझ्या पाया पडला आणि मला त्याचीही दया आली.

दुसऱ्या दिवशी नोंदवही काढली. खाडाखोड केली नाही, ती मी कधीच केलेली नाही. टाकाच्या ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पूर्वीचा वापर चुकीचा नोंदला गेला. हा सवतीचा टाक. मोक्यावर जाऊन खात्री केली. वहिवाट मूळ धारकाकडे.' खाली सही, तारीख. वही अध्यक्षांपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, किल्ल्या टेबलावर ठेवा." मी ठेवल्या. पायऱ्या उतरताना वाटलं होतं की मोकळं वाटेल. काही वाटलं नाही, नुसता थकवा आला. घरी येऊन मी भर दुपारी चार तास झोपले.

त्यानंतर मी कुठेच जात नव्हते. पाऊसपाणी झालं, दिवाळी झाली. दिवाळीनंतर एका सकाळी दार वाजलं. अक्काचा मुलगा. डोकं सफाचट, हातात तोच रुमाल. त्याला बसवलं, चहा टाकला, कित्येक महिन्यांनी दोन कपांचा.

"म्युझियमले देवाना का अक्का, असं मी इचारं तिले," तो म्हणाला. "तर म्हने, नही. त्या शेगडीवाली बाईले दे."

"मला? मला कशाला? माझं लग्नसुद्धा झालेलं नाही, मला सवत कुठली?"

"मी बी तेच म्हटलं." त्याने रुमाल टेबलावर ठेवला. "तर म्हने, ती बी एकटी, हाई बी एकटी. दोन्ही राहतीन. आखाजीले घागर तेवढी भर म्हना. आते दोन."

तो गेल्यावर बराच वेळ मी रुमाल उघडला नाही. मग उघडला. मागची बाजू कोरी होती. नेलपॉलिशची बाटली अजून पर्समध्येच होती, ती मी केराच्या डब्यात टाकली. टाक देव्हाऱ्यात ठेवायला उठले आणि थांबले. तिला देवांत बसवलेलं अक्काला आवडलं नव्हतं. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर एक खिळा आहे, आईची गाळणी टांगायचा. त्याला काळ्या दोऱ्याने कडी अडकवली.

आता सकाळी चहा ठेवते तेव्हा ती तिथे असते. चेहरा सपाट, हात जोडलेले. मी तिला सांगते, आज डावा गुडघा फार ठणकतोय गं.